गंजलेला मायक्रोमीटर: ठेवायचा, रफ कामाला लावायचा की कापायचा?

जुन्या वर्कशॉपच्या कपाटातून मोजमापाची हत्यारं निघाली की दोनच गोष्टी होतात. गंज दिसला म्हणून सगळं भंगारात, नाहीतर पॉलिश पेपर मारून थेट लेथवर. दुसरी चूक जास्त महागात जाते, कारण रिजेक्ट झालेल्या जॉबचं (लेथवर घडवलेल्या भागाचं) खापर टर्नरवर, म्हणजे लेथ चालवणाऱ्यावर, फुटतं.

गंज किती आहे त्यापेक्षा कुठे आहे ते बघा. मायक्रोमीटरच्या फ्रेमवरच्या गंजाने मापाला काही होत नाही. ॲन्व्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (फिरत पुढे येणारा दांडा) यांच्या तोंडांवर, म्हणजे ज्यांच्या मध्ये जॉब धरून मोजतात तिथे, नख अडकेल इतके खड्डे असतील, तर पुढचं वाचायची गरज नाही. शेवटचा परिच्छेद बघा.

खरी परीक्षा जाम झालेल्या स्पिंडलची. आधी लॉक सुटा आहे ना बघा. कित्येक ‘जाम’ मायक्रोमीटर नुसते लॉक केलेले असतात. तरी हलत नसेल तर पक्कड लावू नका. गंजाची भुकटी म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, पॉलिशच्या लाल पेस्टमध्ये हाच असतो. अर्ध्या मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांतल्या अंतराच्या) आट्यांत ती अडकलेली असताना जोर लावला, की आटे घासून काढायचं काम तुम्हीच करता. रॉकेलात थोडं मशीन ऑइल मिसळून स्पिंडल आत शिरतो तिथे थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हाताने पाव फेरा पुढे, पाव मागे, पुन्हा थेंब. सुटला की स्पिंडल पूर्ण बाहेर काढून आटे टूथब्रशने रॉकेलात धुवा, तांबडेपणा यायचा थांबेपर्यंत. व्हिनेगरचा सल्ला कानाआड करा; ॲसिड गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं.

शून्य जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते स्लीव्ह (रेषा असलेली आतली नळी) फिरवून कुणालाही जुळवता येतं. नट आवळून आट्यांचा ढिलेपणाही निघतो, पण झीज सगळीकडे सारखी नसते. वर्षानुवर्षं १०-१२ मिमीचे जॉब मोजलेला मायक्रोमीटर तिथे नीट बसवला, की २० मिमीला जड फिरतो. म्हणून २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ मिमीच्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यांवर) तपासा. नुसते ५, १०, १५ घेतले तर थिंबल (फिरवायची बाहेरची नळी) दरवेळी शून्याच्याच रेषेवर येतं आणि मधल्या चुका लपतात. मग ६ मिमीचा बेअरिंगचा छर्रा तोंडांच्या मध्यभागी आणि चार कडांना धरून मोजा. पाचही आकडे सारखे नसतील तर तोंडं समांतर राहिलेली नाहीत. छर्रा चिमट्याने धरा. हाताच्या उबेनेही माप फुगतं.

फरक सगळीकडे ०.००५ मिमीच्या आत असेल तर कॅलिब्रेशनला पाठवा. ०.०२ पर्यंत असेल तर फ्रेमला पिवळा रंग देऊन फक्त रफ कामाला ठेवा.

बाकीच्यांचं थोडक्यात. डायल गेजच्या प्लंजरला (आतबाहेर सरकणाऱ्या दांडीला) तेल घालू नका, धूळ धरून तो अडकतो. स्लिप गेजच्या संचातले एकमेकांना न चिकटणारे तुकडे बाजूला काढा, अख्खा संच टाकू नका. बिडाची सरफेस प्लेट (मोजमापासाठीची सपाट पाटी) गंजली तरी विकू नका. ती पुन्हा स्क्रेप करून (हाताने खरवडून सपाट करून) घेता येते, फक्त तिला ग्राइंडर लावू नका.

बाद झालेला मायक्रोमीटर अख्खा भंगारवाल्याला देऊ नका, नाहीतर तो जुन्या बाजारातून दुसऱ्या कुणाच्या तरी लेथवर पोचतो. हॅकसॉने फ्रेम कापा, मगच द्या.