गिअर बदलण्याआधी सायकलची फ्रेम आणि चाक कसं तपासावं

सायकलला चांगले गिअर बसवायचे म्हटलं की लोक आधी डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघायला लागतात. आठ गिअरचा घ्यावा, नऊचा घ्यावा, की पुढच्या तीन चकत्या काढून एकच ठेवावी? माझं ठाम मत आहे की डिरेलर सगळ्यात शेवटी घ्यावा. कोणते गिअर बसतील हे आधी मागचं चाक ठरवतं, मग फ्रेम. या दोन्हींची मापं हातात नसताना मागवलेला माल बऱ्याचदा घरात पडून राहतो, कारण एकदा बसवून पाहिलेली, ग्रीस लागलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) कुणी परत घेत नाही.

उदाहरणाला आपल्याकडे सर्रास दिसणारी सायकल घेऊ: पुढे तीन, मागे सात, अशी २१ गिअरची, २६ इंची चाकांची. सिंहगड किंवा खंबाटकीच्या चढाला सगळ्यात हलका गिअरही जड जातो, म्हणून बदल करायचा आहे. तपासणीला लागेल स्टीलची पट्टी, मिळाला तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), १५ नंबरचा पाना आणि आकडे लिहायला वही.

पहिलं काम: दाते मोजा

पुढच्या आणि मागच्या प्रत्येक चकतीचे दाते मोजून लिहा. मोठ्या चकतीवर खडूची खूण करून मोजलं की चूक होत नाही. या प्रकारच्या सायकलवर पुढे बहुधा ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ निघतं.

आता भागाकार करा. पुढची लहान चकती २४, मागची मोठी २८, गुणोत्तर आलं ०.८६. म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक एक फेरीसुद्धा पूर्ण करत नाही, सायकल साधारण पावणेदोन मीटर पुढे सरकते. मागे २८ ऐवजी ३४ दात्यांची चकती आली तर तेच गुणोत्तर ०.७१ होतं आणि सायकल दीड मीटरच्या आत सरकते. चढावर हा फरक गुडघ्याला लगेच कळतो.

आता सध्या सगळ्यांना हवी असलेली रचना पाहा: पुढे ३२ ची एकच चकती, मागे नऊ गिअर, ११ ते ४२. तिचा सर्वांत हलका गिअर ०.७६. मागे ३४ असलेल्या तीन चकत्यांच्या सायकलपेक्षा तो जडच आहे! एका चकतीचे फायदे आहेत. चेन कमी उडते, पुढचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, सांभाळायची कटकट जाते. पण फक्त चढासाठी खर्च करायचा असेल, तर हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय पैसे काढू नका.

दुसरं काम: फ्रीव्हील आहे की कॅसेट, ते ओळखा

सगळ्या तपासणीत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. मागच्या चकत्या चाकाला दोन प्रकारे बसतात. फ्रीव्हील म्हणजे चकत्या आणि आतली टकटक करणारी यंत्रणा असा एकच गोळा, जो हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आट्यांवर फिरवून बसवतात. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असते, आणि चकत्या तिच्या खाचांवर सरकवून वरून रिंगेने आवळतात.

ओळखायला काहीही खोलावं लागत नाही. सगळ्यात लहान चकतीच्या आत, आसाभोवती, पाना अडकवायच्या बारीक खाचा दिसतात. चाक एका हाताने धरून ठेवा, त्या खाचांवर नजर ठेवा आणि पेडल उलटं फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील.

सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुतेक वेळा फ्रीव्हीलच निघतं. त्या चाकावर कॅसेट बसणार नाही; कोणताही वॉशर किंवा जुगाड चालत नाही. तुमच्यापुढे मग दोन मार्ग उरतात.

एक, फ्रीव्हीलच बदलायचं. सात गिअरचं १४-३४ फ्रीव्हील मिळतं. शिमानो कंपनीच्या सात गिअरच्या १४-२८ आणि १४-३४ फ्रीव्हीलमध्ये पहिल्या सहा चकत्या सारख्याच आहेत, १४ पासून २४ पर्यंत दोन-दोन दात्यांनी वाढणाऱ्या. फक्त शेवटची २८ ऐवजी ३४ ची. २४ वरून एकदम ३४ वर जाताना पायाला हिसका बसतो, हे खरं. पण शिफ्टर तोच, चाक तेच. घाटासाठी एवढं पुष्कळांना पुरतं, आणि मी आधी हाच मार्ग सुचवेन.

दोन, फ्रीहब (कॅसेट बसते तो खाचांचा हब) असलेलं नवं चाक घ्यायचं, आणि मग आठ-नऊ गिअरची कॅसेट.

आठ-नऊ गिअरची फ्रीव्हीलंही बाजारात आहेत, पण ती घेऊ नका. आट्यांच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे त्यापुढचा आस आधाराविना राहतो. चकत्या वाढल्या की हा उघडा भाग आणखी लांबतो, आणि आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत आस वाकतो. फ्रीहबमध्ये ते बेअरिंग पार बाहेरच्या टोकाशी असतं, म्हणून तो जास्त गिअर पेलतो.

तिसरं काम: फ्रेमची रुंदी मोजा

मागचं चाक काढा. आस ज्या दोन खाचांत बसतो, त्यांच्या आतल्या पृष्ठभागांमधलं अंतर मोजा. फ्रेम दाबू किंवा ताणू नका. मग चाकावर दोन्ही बाजूंच्या आतल्या नटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. हे दोन आकडे जुळायला हवेत. जुन्या रोड सायकलींवर १२६ मिलिमीटर, रिम ब्रेक असलेल्या त्यानंतरच्या रोड सायकलींवर १३०, आणि साध्या माउंटन व हायब्रिड सायकलींवर १३५ सापडतं. १४२ किंवा १४८ निघालं तर ती आरपार जाणाऱ्या जाड आसाची फ्रेम आहे, तिला त्याच मापाचं चाक लागतं.

फ्रेम लोखंडी असेल तर १२६ मध्ये १३० चं चाक हाताने किंचित ताणून बसतं. त्याहून जास्त फरक असेल तर फ्रेम कायमची रुंद करणं जाणत्या कारागिराचं काम. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नका. ती ताणली की तडा जातो, आणि मागची फ्रेम चालत्या सायकलवर तुटणं म्हणजे जिवावरचं दुखणं. लोखंड की ॲल्युमिनियम, हे चुंबक लावून क्षणात कळतं.

चौथं काम: नव्या चाकाची बाकी मापं

नुसतं “२६ इंच” सांगून चाक घेऊ नका. टायरच्या बाजूवर तीन आकडी संख्या असते, ती वाचा. माउंटन सायकलचं २६ म्हणजे ५५९. पण २६ × १⅜ लिहिलेला टायर ५९० चा असतो, आणि दोघांची रिम वेगळी. २७.५ म्हणजे ५८४, तर २९ आणि ७०० सी दोन्ही ६२२. रिम ब्रेक असेल तर रिमचा व्यास तोच ठेवा, नाहीतर ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचणार नाहीत. डिस्क ब्रेक असेल तर हबही डिस्कचाच हवा.

जुनी रिम ठेवून फक्त हब बदलायचा असेल तर रिमची भोकं मोजा. ३६ भोकांच्या रिमला ३२ चा हब चालत नाही.

फ्रीहबही सगळे सारखे नसतात. शिमानोच्या एचजी खाचांचा साधा फ्रीहब आठ, नऊ, दहा गिअरला चालतो. त्यावर सातची कॅसेट बसवायची तर मागे ४.५ मिलिमीटरची रिंग टाकावी लागते. रोडच्या ११ गिअरच्या कॅसेटला १.८५ मिलिमीटर लांब फ्रीहब लागतो. सगळ्यात लहान चकती १० दात्यांची असेल तर ती कॅसेट एचजीवर बसत नाही, तिला वेगळ्या खाचांचा फ्रीहब हवा. दुकानात म्हणूनच “नऊचं चाक द्या” असं न सांगता “१३५ रुंदी, एचजी फ्रीहब, ५५९ रिम” असं सांगा.

पाचवं काम: हँगर आणि डिरेलरची कुवत

डिरेलर ज्या कानाला लटकतो तो हँगर. तो फ्रेमचाच भाग आहे, नटबोल्टने जोडलेला सुटा तुकडा आहे, की चाकाच्या नटाखाली दाबलेली पट्टी आहे, ते बघा. पट्टी असेल तर तिच्याबरोबर आलेला डिरेलर काढल्यावर नव्यासाठी वेगळा हँगर शोधावा लागतो. सायकलमागे उभं राहून बघा: डिरेलरची दोन्ही लहान चाकं वरच्या चकतीच्या सरळ रेषेत खाली यायला हवीत. तिरकी दिसली तर हँगर वाकलाय, आणि त्यावर महागातला डिरेलर लावूनही गिअर नीट पडणार नाहीत.

डिरेलरच्या माहितीत दोन आकडे दिलेले असतात: मागची मोठ्यात मोठी चकती किती दात्यांची चालेल, आणि एकूण कुवत किती. कुवतीचा हिशेब सोपा आहे. पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक, यांची बेरीज. आपल्या सायकलवर ती १८ अधिक १४, म्हणजे ३२ आहे. १४-३४ बसवलं तर ३८ होते. सध्याच्या डिरेलरला दोन्ही आकडे झेपत असतील तर तोच ठेवा.

सहावं काम: शिफ्टर आणि चेन

मागच्या चकत्यांची संख्या बदलली तर शिफ्टर बदलावाच लागतो. शिमानोचे सात, आठ, नऊ गिअरचे माउंटन डिरेलर केबल ओढली की एकाच प्रमाणात सरकतात, त्यामुळे नऊचा डिरेलर आठच्या शिफ्टरवर चालतो. त्याच कंपनीचा माउंटनचा दहाचा डिरेलर मात्र त्यात मिसळत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र करू नका. चेन सहा, सात, आठ गिअरला एकच. नऊला अरुंद लागते. चकत्या नव्या असतील तर चेनही नवीच घ्या, झिजलेली चेन नव्या दात्यांवर घसरते.

बसवताना

नवं फ्रीव्हील आट्यांना ग्रीस लावून आधी हातानेच फिरवा. ॲल्युमिनियमच्या हबवर आटे तिरके पकडले गेले तर हब गेला. चाक बसवल्यावर रिम फ्रेमच्या मधोमध आहे का ते पाहा. शंका वाटली तर चेन न चढवता चाक उलटं बसवून पाहा. दोन्ही वेळा रिमची दोन्ही बाजूंची फट सारखी आली तर चाक मध्यावर आहे, नाहीतर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणाऱ्याकडून स्पोक ओढून घ्या.

चेनची लांबी ठरवायला ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवा. टोकं जिथे जुळतात तिथून एक इंच जास्त ठेवून तोडा. मग चेन ओवा, मागचं चाक उचलून धरा आणि हाताने पेडल फिरवत सगळे गिअर टाका. लहान चकतीवर चेन फ्रेमला घासत नाही ना, मोठीवर डिरेलर स्पोकला लागत नाही ना, हे दोन्ही पाहा. चेन फ्रेमला घासत असेल तर आसाच्या उजव्या बाजूला एक पातळ वॉशर पुरतो, पण त्यानंतर चाकाचा मध्य पुन्हा तपासावा लागतो. पहिल्या फेरीला सपाट रस्त्यावर जा, परत आल्यावर आसाचे नट पुन्हा आवळा, आणि मगच घाटाला लागा.