मायक्रोफोनला ऐकू न येणारा कूलर

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची टाकी डोळ्यांसमोर येते. मी लिहितेय तो कूलर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला, प्रोसेसरवर बसणारा. मी दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रेकॉर्डिंगच्या आधी खिडकीतला मोठा कूलर बंद, छताचा पंखा बंद, फ्रीजही बंद. मग खोलीत एकच आवाज उरायचा, टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा.

इतिहासाच्या धड्यात पूर्णविरामानंतर मी श्वासभर थांबते. नेमक्या त्या थांबण्यात पंख्याची घूं वर चढायची, खाली यायची. एकसुरी आवाज सॉफ्टवेअरने काढता येतो: सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून नमुना घ्यायचा आणि तो अख्ख्या फाइलमधून वजा करायचा. चढउतार होणारा आवाज तसा निघत नाही. जोर लावून काढला तर ‘स’ आणि ‘श’ यांची धारच जाते. ऐकूनच शिकणाऱ्या मुलाला ‘साल’ आणि ‘शाल’ यांतला फरक कळला नाही, तर ते रेकॉर्डिंग काय कामाचं? म्हणून कूलर निवडताना मी दोन गोष्टी मागते: आवाज कमी हवा, आणि त्याहून जास्त म्हणजे तो स्थिर हवा.

पैसे खर्च करण्याआधी आवाज कोणाचा आहे ते शोधा. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा, कॅबिनेटचे पंखे, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड आणि जुनी हार्ड डिस्क, सगळेच बोलतात. मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी करून एक टोक कानाला लावलं आणि दुसरं उघड्या कॅबिनेटपाशी एकेका भागासमोर धरलं (पात्यांपासून वीतभर लांब). माझ्याकडे निम्मा दोष हार्ड डिस्कचा निघाला. ती काढून फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली, तेव्हा कुठे कूलरचा खरा आवाज वेगळा कळला.

दुसरं काम फुकटातलं. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे ठरवणारी रेषा असते, तिला फॅन कर्व्ह म्हणतात. नुसता ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि लगेच उतरतं. रेषा उभी चढणारी असेल तर पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो. घूं वरखाली होते ती यामुळेच. मी ६५ अंशांपर्यंत रेषा सपाट ठेवली, ३५ टक्क्यांवर. तिथून ७५ अंशांना ६० टक्के, आणि ८५ ला पूर्ण वेग. बऱ्याच मदरबोर्डवर पंख्याने वेग बदलायला किती सेकंद थांबावं हेही सांगता येतं. तो आकडा वाढवा. ६५ अंश वाचून घाबरू नका. आजचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतात, त्यामुळे काम करताना सत्तरीत राहणं त्यांना सहज झेपतं. एवढं करून, धूळ झटकून तुमचं भागलं तर नवा कूलर घेऊ नका.

माझं भागलं नाही. हिवाळ्यात चाललं, एप्रिलमध्ये पुन्हा तेच. कारण साधं आहे: पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरच्या पहाटे खोली १८ अंशांवर असते, मे महिन्यात मोठा कूलर बंद केला की थोड्याच वेळात ३८ वर जाते. ते वीस अंश जवळजवळ जसेच्या तसे प्रोसेसरच्या तापमानात येऊन बसतात. इंटरनेटवरच्या बऱ्याच चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी त्या आकड्यांत आपल्या खोलीचा फरक मिळवूनच वाचावं.

आता निवड. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे वाऱ्यात जेवढं गमावलं त्याहून शांततेत जास्त कमावलं. गमावलेला वारा भरून काढायचा धातूने: जास्त पत्रे, जास्त हीटपाइप (प्रोसेसरची उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), मोठा पंखा. प्रोसेसरच्या खोक्यात मिळणाऱ्या बसक्या कूलरमध्ये धातू थोडा आणि पंखा लहान, म्हणून त्याला पळावं लागतं. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा टॉवर तेच काम मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांत करतो.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो किती अंतरावरून मोजला, पंखा कूलरवर बसवून की मोकळा ठेवून, हे बहुधा लिहिलेलं नसतं. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल आपोआप कमी होतात! दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी पंख्याचा आकार, हीटपाइप किती आणि किमान फेऱ्या किती, हे बघा. किमान फेऱ्यांकडे कोणी बघत नाही, पण तुमचं मशीन दिवसातला बहुतेक वेळ तिथेच असतं.

माझा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे. त्याला एक टॉवर पुरतो, म्हणून मी डीपकूलचा एके४०० घेतला: चार हीटपाइप, १२० मिलिमीटरचा पंखा, ५०० ते १८५० फेऱ्या. तुमचा प्रोसेसर शंभर वॉटच्या वर खात असेल आणि तुम्ही व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर दोन टॉवरचा घ्या, उदाहरणार्थ थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई. दोन पंख्यांनी आवाज दुप्पट होईल ही भीती नको. सारखे दोन पंखे मिळून तीनच डेसिबल वाढतात, आणि धातू जास्त असल्याने दोन्ही हळू फिरवता येतात. पैशांची अडचण नसेल तर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ आहेच. २०१४ मध्ये आला आणि अजून लोक त्याच्याशीच इतरांची तुलना करतात.

घेण्याआधी उंची मोजा. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन १५५ मिलिमीटर, डी१५ तब्बल १६५. अरुंद कॅबिनेटची झाकणं यावर बसत नाहीत. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कमाल उंची दिलेली असते, तिच्यातून पाच मिलिमीटर वजा धरून चला. उंच रॅम असेल तर पंखा तिच्यावर टेकतो, तेही बघा. आणि सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, पण इंटेलच्या एलजीए१७०० ची भोकं आधीच्या सॉकेटपेक्षा जरा लांब आहेत, त्याला वेगळी पट्टी लागते. दुकानदाराला खोकं उघडून पट्टी दाखवायला सांगा.

प्रोसेसरसाठी नळ्यांतून पाणी खेळवणारा कूलरही मिळतो, तो मी नाकारला. त्यात पंखे असतातच, वर पंपाची बारीक कुणकुण चोवीस तास, आणि मायक्रोफोन ती पकडतो.

जुना कूलर काढताना माझ्या हातून जे झालं ते तुमच्या हातून होऊ नये. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सॉकेट त्याला फक्त त्या पिनांनी धरून ठेवतं. मशीन रात्रभर बंद होतं, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट गोंदासारखी घट्ट झालेली. स्क्रू सोडून मी कूलर सरळ वर ओढला आणि प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर आला. कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या. ०.५ च्या पेन्सिलीतलं शिसं काढून तिची रिकामी नळी एकेका पिनेवर घालून, श्वास रोखून सरळ केल्या. दीड तास लागला. तुम्ही आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा आणि मग बरणीचं झाकण फिरवावं तसा कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सुटू द्या. त्यानंतरच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याहून किंचित मोठी. कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढायची आठवण ठेवा. स्क्रू समोरासमोर, दोन-दोन फेरे देत कसा. एकच बाजू आधी आवळली तर तळ तिरका बसतो. पंख्याने वारा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला ढकलायला हवा.

बसवून झाल्यावर बायोसमधून पंखा हाताने ५०० पासून पन्नास-पन्नास फेऱ्यांनी वाढवत न्या आणि कान द्या. कुठल्यातरी एका वेगाला कॅबिनेटचा पत्रा सूर धरतो. माझ्याकडे तो ९५० च्या आसपास. ती जागा फॅन कर्व्हमध्ये टाळली: ८५० पर्यंत रेषा सपाट, तिथून सरळ ११०० च्या वर. कॅबिनेटखाली सतरंजीची दुहेरी घडी घातली, तेवढ्याने फरशीतून येणारी थरथर गेली.

मे महिन्यात दुपारी तीनला, खोली ३९ अंशांवर असताना, भूगोलाचा अख्खा धडा रेकॉर्ड केला. प्रोसेसर ६२ वर, पंखा ८२० वर, शेवटपर्यंत तिथेच. नमुना घ्यायला पाच सेकंद गप्प बसले, हेडफोनमध्ये ऐकलं, तर माझ्याच श्वासाचा आवाज पंख्यापेक्षा मोठा होता.