बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट कसा वाचायचा

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाच्या मुळाशी एकच प्रथिन असतं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. निरोगी पेशीतलं एबीएल गरजेपुरतं चालू होतं आणि बंद पडतं. जोडजनुकातून बनलेलं प्रथिन मात्र अखंड चालू राहतं. एटीपी या पेशीतल्या ऊर्जा देणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून ते शेजारच्या प्रथिनांना लावत सुटतं. रास, पीआय३के, स्टॅट५ या पेशीतल्या निरोप पोचवणाऱ्या साखळ्या त्यामुळे जाग्याच राहतात आणि पेशीला वाढण्याचा, न मरण्याचा निरोप सतत जातो. हा निरोप जितका जास्त काळ चालू राहील, तितक्या डीएनएमध्ये नव्या चुका साचतात. ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, २० टक्क्यांवर गेल्या की ब्लास्ट क्रायसिस, आणि तिथून आजार आटोक्यात आणणं फार अवघड. म्हणून दर तीन महिन्यांचा पीसीआर, म्हणजे रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी चाचणी, चुकवू नका.

रिपोर्ट हातात आला की आधी ‘आयएस’ ही अक्षरं शोधा, म्हणजे इंटरनॅशनल स्केल, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकाच मापात आणणारी मोजपट्टी. ती नसतील तर तो आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा. मग कंट्रोल जनुकाच्या, म्हणजे तुलनेसाठी मोजलेल्या जनुकाच्या, प्रती पाहा. एबीएल वापरलं असेल तर त्या किमान १०,००० हव्यात. त्याहून कमी असतील तर ‘आढळले नाही’ या शब्दांवर विसंबू नका; नमुन्यातला आरएनए खराब झालेला असू शकतो. ईडीटीए नळीतलं रक्त उन्हात किंवा प्रवासात पडून राहिलं की हमखास असं होतं. निदानाच्या वेळी ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे जोडजनुकावरून बनणाऱ्या आरएनएचा, प्रकार कोणता होता, तेही फाइलमध्ये असू द्या. नेहमीची चाचणी ई१३ए२ आणि ई१४ए२ मोजते. दुर्मीळ प्रकार असेल तर आजार असूनही आकडा शून्य येतो.

आता टक्केवारी, म्हणजे कंट्रोल जनुकाच्या तुलनेत बीसीआर-एबीएल किती. उपचार सुरू झाल्यावर ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांनी १ किंवा कमी, १२ महिन्यांनी ०.१ किंवा कमी, अशी अपेक्षा असते. ०.१ म्हणजे प्रमाणित सुरुवातीच्या पातळीचा हजारावा भाग. ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे ०.०३ चा ०.०५ झाला तर घाबरू नका, तो चाचणीतलाच चढउतार असू शकतो. ०.०३ चा ०.४ झाला तर मात्र थांबू नका, चाचणी लवकर पुन्हा करा.

आकडा खरोखर चढला असेल तर पहिला प्रश्न गोळ्यांचा. महिन्यातल्या किती चुकल्या, हे पाकिटं मोजून डॉक्टरांना खरं खरं सांगा. रोजची गोळी चुकणं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे आणि ते लपवलं की विनाकारण औषध बदललं जातं. बीसीआर-एबीएल रोखणाऱ्या औषधांपैकी इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायचं. निलोटिनिब मात्र उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. क्षयावरचं रिफाम्पिसिन, फिटवरचं फेनिटॉइन यांनी इमॅटिनिबची रक्तातली पातळी घसरते. डॅसाटिनिबबरोबर ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी घेतली तर ते नीट शोषलंच जात नाही.

हे सगळं ठीक असूनही आकडा चढत असेल, तर म्युटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएलमध्ये झालेल्या बदलांची, तपासणी मागा. टी३१५आय या बदलात प्रथिनाच्या ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येतं आणि इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब या तिन्हींना बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी त्याच औषधांचा डोस वाढवून उपयोग नाही. पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबचा विचार करावा लागतो.