अलायनर लावलेत? या चुका टाळा, आणि आधी चहाचा हिशेब मांडा

नऊ नंबरचा ट्रे बसेना. (अलायनर म्हणजे तारांऐवजी दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, नंबराने एकामागून एक घालायचे.) रात्री साडेदहाला बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून मी तो अंगठ्यांनी दाबला, काढला, पुन्हा दाबला. बाकी सगळीकडे चपखल, पण वरच्या डाव्या सुळ्याच्या टोकाशी दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये कापलेल्या नखाएवढी फट. मोबाइलचा टॉर्च मारला तर त्या फटीत लाळेचा एक बुडबुडा आरामात बसला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी फट बघितली आणि विचारलं, "दिवसाला चहा किती होतो?"

"चार."

"आणि प्रत्येक वेळी ट्रे किती वेळ बाहेर?"

मला वाटलं होतं पाच मिनिटं. खरा हिशेब लोकलमध्ये बसून कागदावर मांडला. सकाळचा चहा-नाश्ता ४५ मिनिटं. अकराचा चहा २५. दुपारचा डबा आणि त्यानंतरच्या गप्पा, एक तास. चारचा चहा पुन्हा २५. घरी आल्यावर तोंडात टाकलेलं काहीबाही, ४० मिनिटं. रात्रीचं जेवण आणि मग "लावते आता" म्हणत मालिका संपेपर्यंत, दीड तास. एकूण पावणेपाच तास. म्हणजे ट्रे तोंडात सव्वाएकोणीस तास, आणि डॉक्टरांनी सांगितलेले होते २२. मुलुंडहून फोर्टला नोकरी करणाऱ्या बाईच्या दिवसात अडीच-तीन तास असे कुठेही सांडतात आणि ते कुणी चोरले हे कळतही नाही.

बहुतेकांचं अलायनर फसतं ते इथेच. प्लास्टिक वाईट निघालं, कंपनीने फसवलं, डॉक्टरला जमलं नाही, हे सगळं नंतर. आधी तास मोजा.

तासांचं एवढं का? दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं आवरण असतं. ट्रेचा दाब पडला की दात ज्या बाजूला सरकायचा त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे काम दाब सलग असला तरच नीट होतं. ट्रे काढला की ते ताणलेले तंतू दाताला मागे ओढायला लागतात. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि तो एक ते दोन आठवडे घालायचा असतो. दात या ट्रेमध्ये जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला नाही, तर पुढचा ट्रे त्याला थोडा घट्ट होतो, त्याच्या पुढचा आणखी थोडा. चुकीची उधारी साचत जाते. माझी पाचव्या-सहाव्या ट्रेपासून साचत होती, दिसली नवव्याला. सुळे आणि उपदाढा गोलसर असल्यामुळे प्लास्टिकची त्यांच्यावर पकड कमी, म्हणून सोंग आधी त्यांचंच उघडं पडतं.

फट दिसल्यावर लोक जी चूक करतात ती मीही करणार होते: "पुढचा ट्रे लावला की भरून निघेल." निघत नाही, वाढते. आहे तोच ट्रे आणखी काही दिवस घालायचा आणि च्युई चावायची. च्युई म्हणजे रबरासारखी मऊ, बोटाच्या पेराएवढी वळकटी. जिथे फट आहे तिथे ती दातांमध्ये धरून दाबायची, सोडायची, दाबायची, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा. तरीही बसला नाही तर ते मागचा ट्रे घालायला सांगतात किंवा नवीन स्कॅन काढून उरलेले ट्रे पुन्हा बनवून घेतात. हे रिफाइनमेंट पुष्कळ जणांचं होतं, त्यात कमीपणा नाही. मात्र त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. मी विचारलं नव्हतं.

चहा

ट्रे तोंडात ठेवूनच चहा प्यायला तर? वेळ तरी वाचेल, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. टपरीवरच्या कटिंगचा ग्लास हातात धरवत नाही इतका गरम असतो. ट्रे हे उष्णतेने मऊ पडणारं प्लास्टिक. एवढ्या गरम चहात त्याचा आकार किंचित जरी बिघडला, तरी पाव मिलिमीटरच्या खेळात तो किंचितपणा फार झाला. शिवाय पिवळा पडतो, मग पारदर्शक ट्रेसाठी मोजलेले पैसे कशाला?

पण खरं नुकसान साखरेचं. एरवी गोड चहा प्यायलो तरी लाळ दात धूत राहते. ट्रेच्या आत लाळ खेळत नाही. चहा कडेने आत शिरतो आणि ती साखर दाताला चिकटून तासन्‌तास तिथेच राहते. दात सरळ झाले आणि ट्रे काढल्यावर हिरडीलगत पांढुरके डाग, म्हणजे किडीची पहिली पायरी दिसली, असं होऊ शकतं. शहाळं, उसाचा रस, कोकम सरबत यांनाही हाच नियम. थंड असलं म्हणून चालत नाही. ट्रे तोंडात असताना चालतं ते फक्त साधं पाणी.

मी चहा सोडला नाही, सोडणं शक्यही नव्हतं. चारचे दोन केले आणि दोन्ही खाण्याला जोडले: एक नाश्त्याबरोबर, एक दुपारच्या डब्यानंतर लगेच. ट्रे काढायच्या वेळा सहावरून तीनवर आल्या. पहिले दहा दिवस चार वाजता डोकं चढायचं, मग नाही.

खाल्ल्यावर ब्रश करायला हवा, पण ऑफिसच्या बेसिनपाशी रांग असते आणि दादर स्टेशनवर वडापाव खाल्ल्यावर ब्रश कुठे करणार? खळखळून चूळ भरा, ट्रेवर पाणी ओता, लावा. ब्रश घरी पोचल्यावर. "नीट ब्रश करूनच लावीन" म्हणून दोन तास ट्रे डबीत ठेवण्यापेक्षा चूळ भरून लगेच लावणं केव्हाही बरं. अर्थात ही अडीनडीची सोय, रोजची सवय नाही.

टिश्यू, खिसा आणि कावळा

ट्रे हरवण्याची सगळ्यात हमखास जागा म्हणजे लग्नाचा हॉल. बुफेची ताटली एका हातात, ट्रे काढून टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवला, कुणीतरी "अगं, किती दिवसांनी!" म्हणून ओढून नेलं, परत येईपर्यंत वाढप्याने टेबल साफ केलेलं. चुलतदिराच्या लग्नात पैठणी नेसून मी खरकट्याच्या पिंपात डोकावले आहे. मिळाला नाही.

डबी सोबत हवी आणि ट्रे फक्त डबीत. ड्रेसच्या खिशात ठेवाल तर संध्याकाळच्या ठाणे फास्टमध्ये माणसाच्या बरगड्या सलामत राहिल्या तरी नशीब, ट्रेचं काय घेऊन बसलात. आणि धुऊन खिडकीच्या कठड्यावर वाळत ठेवू नका. माझा चौदा नंबरचा खालचा ट्रे कावळ्याने उचलला. समोरच्या पिंपळावर तो टोचून टोचून बघत होता, मी खालून बघत होते.

हरवला तर काय करायचं? मागचा ट्रे टाकून दिलेला नसेल तर लगेच तो घाला, म्हणजे दात मागे तरी जाणार नाहीत. मग डॉक्टरांना फोन. हरवलेल्या ट्रेचे दिवस बहुतेक पुरे झाले असतील तर ते पुढचा लावायला सांगतील, नुकताच सुरू केला असेल तर नवीन बनवावा लागेल. हा निर्णय आपला आपण घ्यायचा नाही. जुना ट्रे नीट धुऊन नंबर घालून ठेवायचा तो याचसाठी.

काढणं, घालणं, धुणं

काढताना पुढच्या दातांवरून ओढला की चिरतो. आतल्या बाजूने, दाढांपाशी बोटाचं टोक अडकवून आधी एक बाजू सोडवा, मग दुसरी, मग पुढचे दात. नखं लांब असतील किंवा बोटं घसरत असतील तर त्यासाठी छोटा हुक मिळतो. घालताना उलट: आधी पुढे बसवा, मग बोटांनी मागे दाबत जा. नुसता तोंडात टाकून करकचून चावून बसवू नका, कडा तिथेच तडकतात.

धुवायला गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश, एखादा थेंब सौम्य लिक्विड सोप. उकळतं पाणी नको. "भांडी कशी कढत पाण्याने निर्जंतुक होतात" हा घरचा सल्ला इथे लागू नाही. टूथपेस्टही नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण बसते आणि वास येतो. रंगीत माउथवॉशही नको.

दातांवर ट्रेची पकड बसावी म्हणून दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. आपल्या जेवणातली हळद त्यांच्या कडांना पकडते. चिक्की आणि कडक चकलीने ते निघून येतात. एखादा निघाला, अगदी गिळला गेला, तरी घाबरायचं कारण नाही. ट्रे घालत राहा आणि कळवा. पण "पुढच्या महिन्यात जायचंच आहे" म्हणून गप्प बसू नका. तो ज्या दातावर होता त्याला वळवण्याचं काम तोवर बंद असतं.

नवा ट्रे रात्री झोपताना सुरू करा. पहिले दोन दिवस आवळल्यासारखं वाटतं, त्यातला बराच वेळ झोपेत जातो. कड जिभेला टोचत असेल तर नखं घासायची बारीक कानस किंचित फिरवा. कात्री लावू नका. एकाच दाताला ठणका लागून तो उतरत नसेल, हिरडीतून पू येत असेल किंवा दात फारच हलत असेल, तर च्युई-बिई बाजूला ठेवून थेट दवाखाना.

सुरुवातच चुकली असेल तर

हे खरं आधी लिहायला हवं होतं, पण माणूस अडकल्याशिवाय वाचत नाही.

घरी मागवायच्या किटवर जाऊ नका. स्वतःच्या दातांचा ठसा स्वतः घ्यायचा, तो पाठवायचा आणि कुरिअरने ट्रे येणार, हे ऐकायला सोपं वाटतं. पण एक्स-रे न काढता दाताच्या मुळाशी किती हाड आहे, आत कुठे अडकलेली अक्कलदाढ आहे, हे कुणाला कळणार? ज्याची हिरडी सुजलेली आहे आणि हाड झिजलंय, त्याचे दात दाबून सरकवले तर सरळ होण्याऐवजी खिळखिळे होतील. कीड, हिरड्यांचा आजार आधी, अलायनर नंतर. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही घरपोच अलायनरची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यात असलेल्या लोकांच्या तोंडात ट्रे होते आणि विचारायला समोर कुणी नव्हतं. एक ओळखीचा दवाखाना आणि तिथली एक खुर्ची हवी, ती यासाठी.

डॉक्टर कोण, हे सरळ विचारा, त्यात लाज कसली? बीडीएस झालेले दंतवैद्यही अलायनर देतात आणि साध्या केस चांगल्या करतात. पण चावाच चुकलेला असेल, म्हणजे वरचे-खालचे दात नीट जुळत नसतील, किंवा दात फार वळलेले असतील, तर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस केलेल्यांकडे जा. त्यांचा तीन वर्षांचा अभ्यास याच कामाचा असतो. मनात शंका राहिली तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळची रांग लागेल, पण पॅकेज विकायची घाई नसलेला सल्ला मिळेल. तिथे कुणी "तुम्हाला ताराच बऱ्या" म्हणालं तर ऐकून घ्या. अलायनरने सगळं होत नाही. जबड्याचाच दोष असेल तर नुसते दात सरकवून भागत नाही.

आणि दातांच्या मधे पट्टी फिरवून जागा करतात त्याला भिऊ नका. "दात कापले" म्हणून माझ्या मैत्रिणीने उपचारच सोडले. दोन दातांच्या मधे सहसा अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच घासतात, तेही वरच्या कडक थरातून.

शेवटचा ट्रे म्हणजे शेवट नव्हे

शेवटचा ट्रे संपला त्या दिवशी मी पेढे वाटले. डॉक्टरांनी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे, हातात ठेवला आणि सांगितलं, पहिले काही महिने दिवसरात्र, मग रोज रात्री, वर्षानुवर्षं. ते ताणलेले तंतू इतक्यात विसरत नाहीत. सासूबाईंनी रात्री जेवणाच्या वेळी वाटीत भिजणारा रिटेनर बघितला आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या अण्णांची कवळी अशीच असायची वाटीत. त्यांना तरी सत्तरीत लागली."

पहिल्याच वर्षी गणपतीला गावी गेले आणि रिटेनर मुलुंडलाच राहिला. दहा दिवस. परत आल्यावर लावला तर इतका घट्ट, की वाटलं दुसऱ्याच कुणाचा आहे. पूर्ण बसत होता म्हणून तो दिवसरात्र घातला, तिसऱ्या दिवशी सैल झाला. तेव्हा बसलाच नसता तर जोर लावायचा नव्हता, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठून नवा करून घ्यायचा होता. असाच रिटेनर महिनाभर विसरलेल्या एकीला पुन्हा आठ ट्रे घ्यावे लागले.

आता एक जास्तीचा रिटेनर करून घेतलाय. तो गावच्या घरी, देवघराशेजारच्या फडताळात असतो. डबीवर सासूबाईंनी चिठ्ठी चिकटवली आहे: "सूनबाईंची कवळी. हलवू नये."