संगणकांच्या यादीत आपल्या गरजेचे रकाने कसे भरून घ्यावेत

भोसरीतल्या कारखान्यात किंवा सदाशिव पेठेतल्या सीए कार्यालयात इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर बसवले, की प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि प्रोग्रॅम यांची यादी आपोआप तयार होते. मालकाला मात्र टॅलीचा डेटा नेमका कोणत्या यंत्रावर आहे, हे हवे असते. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संगणकाला स्वतःला ठाऊक आहे की नाही, हे आधी ठरवावे.

ठाऊक असलेली माहिती रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅम यांच्या सेटिंग्जचा साठा), डब्ल्यूएमआय (यंत्राची माहिती विचारता येणारी विंडोजची सेवा) किंवा फाइल यांपैकी एका ठिकाणी सापडते. जीएलपीआय या इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हेंटरी प्लगइन घातल्यावर एजंटला, म्हणजे प्रत्येक यंत्रावर चालून माहिती पाठवणाऱ्या लहान प्रोग्रॅमला, या तिन्ही प्रकारची कामे नेमून देता येतात. टॅलीची सेटिंग फाइल ‘टॅली.आयएनआय’ शोधायची असेल, तर संपूर्ण सी ड्राइव्ह धुंडाळू नये. फोल्डर ठरवून द्यावे, अन्यथा जुन्या डिस्कचे संगणक रखडतात. मात्र या शोधातून फाइल कुठे आहे एवढेच कळते. तिच्यातली डेटा पाथची, म्हणजे डेटा कुठे ठेवला आहे ते सांगणारी, ओळ हवी असल्यास, ती वाचून रजिस्ट्रीत नोंदवणारी लहानशी पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजच्या आज्ञांची फाइल) ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमधून चालवावी आणि एजंटला ती नोंद उचलायला सांगावी.

विभाग, टेबल, बिल क्रमांक यांसारखी माहिती संगणकाला ठाऊक नसते. ती यंत्र बसवतानाच रजिस्ट्रीत एका ठरावीक ‘की’खाली (फोल्डरसारख्या कप्प्यात) लिहून ठेवावी. विभागांच्या नावांची यादी आधीच पक्की करावी. नाहीतर ‘अकाउंट्स’, ‘अकौंट’ आणि ‘लेखा’ असे एकाच खोलीचे तीन विभाग होतात.

रजिस्ट्री वाचताना दोन गोष्टी नडतात. एजंट विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याखाली चालतो, त्यामुळे रजिस्ट्रीच्या ‘करंट युजर’ भागात त्याला यंत्रासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याची नोंद दिसत नाही, म्हणून नोंदी सर्वांसाठी असलेल्या ‘लोकल मशीन’ भागाखालीच ठेवाव्यात. दुसरे म्हणजे, ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमच्या नोंदी ‘वाव६४३२नोड’खाली जातात. ‘नोंद नाही’ असे उत्तर आले, तर तेथेही पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

असेंबल केलेल्या संगणकांत अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असे अक्षरशः छापून येते. बुधवार पेठेतून सुटे भाग घेऊन जोडलेली अशी यंत्रे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मदरबोर्डचा क्रमांक मागवावा, आणि तोही रिकामा असल्यास आपला स्टिकर क्रमांक वर सांगितल्याप्रमाणे रजिस्ट्रीत लिहावा. प्रोग्रॅमांची यादी डब्ल्यूएमआयच्या ‘विन३२_प्रॉडक्ट’मधून मात्र मागवू नये, ती चौकशी होताच विंडोज बसवलेली प्रत्येक एमएसआय (प्रोग्रॅम बसवण्याची फाइल) तपासत बसते.

प्रत्येक नवा रकाना आधी दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या यंत्रांवर चालवून पाहावा आणि मगच सर्वांना लावावा. अहवालात त्या रकान्याशेजारी शेवटच्या संपर्काची तारीख अवश्य ठेवावी, कारण गुरुवारची सुटी असलेल्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रे बंद राहतात आणि शुक्रवारी सकाळी दिसणारे मूल्य बुधवारचे असू शकते.