मोत्याचा गोचीडताप – माझा अनुभव

उपवनला फिरताना कधीतरी गोचीड चिकटली असणार, कारण एक दिवस आमच्या कुत्र्याने, मोत्याने, चक्क चपाती हुंगून सोडली, हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक, ताप १०४. रक्तात एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) निघाला, प्लेटलेट्स पार खाली. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, २८ दिवस. पहिली गोळी मी शहाणीने उपाशीपोटी दिली, लगेच उलटी! आई म्हणाली दहीभातात दे, पण डॉक्टर म्हणाले दूधदही नको, मग चिकनभाताच्या गोळ्यात लपवून. तरी गोळी तेवढी बाजूला थुंकायचा, लबाड! चौथ्या दिवशी लिफ्ट वाजली तसा दाराशी उभा. दहाव्या दिवशी वाटलं बरा झाला, बंद करू, तर डॉक्टर ओरडलेच, कोर्स पूर्ण करा. गोचिडी मात्र घरातच, सोफ्यामागच्या फटीत सापडल्या.