दुसऱ्याच्या बागेतल्या फुलांचे फोटो कसे काढावेत

ओळखीतल्या कुणाच्या बंगल्यामागची बाग, गच्चीवर मांडलेल्या कुंड्या, कोकणातल्या घराचं परसू. अशा ठिकाणी फोटो काढायला गेलं की झाडं लावणारी व्यक्ती शेजारीच उभी असते. कोणती कळी उद्या उमलणार, कोणत्या झाडावर सकाळी सूर्यपक्षी येतो, कुठल्या कोपऱ्यात ऊन आधी पोचतं, हे सगळं तिला पाठ असतं. माझ्या मते नव्या लेन्सपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे. त्यामुळे बॅग भरण्याआधी बागेच्या मालकांना फोन करा.

आधी फोन करा, आणि परडीची चौकशी करा

आपल्याकडे बागेतली फुलं उजाडता उजाडता परडीत जातात. तुम्ही आठ वाजता पोचलात, तर जास्वंद, तगर, अनंत सगळे देवापुढे आणि झाडावर नुसती पानं. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा: "काकू, उद्या दोन-तीन फुलं झाडावरच राहू द्या, माझे फोटो झाले की तोडा." बहुतेक जण हौसेने ठेवतात. गणपतीच्या दिवसांत मात्र ही विनंती करू नये. तेव्हा लाल जास्वंदीवर तुमचा नंबर सगळ्यात शेवटी.

पाणी केव्हा घालतात तेही विचारा. पाइपने पाणी मारलं की नाजूक पाकळ्या वाकतात आणि खालच्या फुलांवर मातीचे शिंतोडे उडतात. फोटो होईपर्यंत पाणी थांबवता आलं तर उत्तम.

फुलाची वेळ पाळा

"सकाळी लवकर जा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो, म्हणून सकाळी सड्याचा फोटो मिळतो आणि फांदीवरच्या फुलाचा हवा असेल तर रात्री किंवा अगदी झुंजुमुंजू असताना जावं लागतं. कुंडीतलं कमळ सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. ऑफिस टाइमची फुलं ऊन चढल्याशिवाय उघडतच नाहीत. गुलबक्षी दुपारी चारच्या पुढे. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते आणि शेवटी लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग सापडतात. अनंत मात्र पहिल्या दिवशीच गाठावा, कारण नंतर तो पिवळा पडतो.

ऋतूचंही तसंच. गुलाब, डेलिया, पिटुनिया यांना थंडी मानवते, बोगनवेल उन्हाळ्यात बहरते, सोनटक्का पावसाळ्यात. मे फ्लॉवरचा लाल चेंडू वर्षातून एकदाच येतो आणि आठवडाभरात उतरतो. कुणाच्या बागेत तो असेल तर एप्रिलपासूनच आठवण करून द्यायला सुरुवात करा.

आधी मागचं बघा, मग फूल

घरच्या बागेतले फोटो फुलामुळे फार क्वचित बिघडतात. बिघडवतात त्या मागच्या गोष्टी: पाण्याची काळी टाकी, वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना, निळा ड्रम. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी फुलाभोवती एक फेरी मारा. गुडघ्यावर बसलात तर टाकीच्या जागी आभाळ किंवा लांबची हिरवळ येते. नुसती उंची बदलून जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही फिल्टरने पडत नाही.

गच्चीचा मोठा फायदा म्हणजे कुंडी हलवता येते. भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणली की भिंत आपोआप धूसर होते. मात्र हलवायची ती मालकांना विचारून, शक्यतो त्यांच्याच हातून. कधी कुंडीच्या भोकातून मुळं खाली गेलेली असतात, कधी तळ तडकलेला असतो, आणि हे त्यांनाच माहीत असतं. मागचं काहीच जमत नसेल तर काळी छत्री उघडून फुलामागे दोन-तीन हातांवर धरायला सांगा.

वाफ्यात पाय ठेवू नका. ओल्या मातीत तुमच्या बुटाखाली कोवळी रोपं असू शकतात. मधे आलेलं पान तोडूही नका, बोटाने मागे धरलं तरी भागतं.

उजेड

पातळ ढगांतून येणारा उजेड सगळ्यात चांगला. सकाळचं पहिलं तास-दोन तासांचं ऊनही छान. भर दुपारी पोचलात तर फुलावर छत्रीची सावली करा, पण छत्री काळी किंवा पांढरी असू द्या. लाल किंवा निळ्या छत्रीची छटा थेट पाकळीवर उतरते. जास्वंदीसारख्या पातळ पाकळीच्या फुलाला ऊन मागून घ्या, मग तिच्यातल्या शिरा दिसतात. समोरची बाजू काळवंडली तर पांढरा थर्माकोल किंवा मोठा कागद धरून उजेड परतवा.

फोकस कुठे करायचा

जवळून फोटो काढताना फोकसमध्ये राहणारा भाग फार थोडा असतो, कधी काही मिलिमीटर. म्हणून प्रत्येक फुलाचा घाट बघून ठरवावं लागतं.

जास्वंदीचा दांडा पुढे आलेला असतो. समोरून काढलं तर टोक स्पष्ट येतं आणि पाकळ्या पुसट होतात, किंवा उलट. बाजूने काढा, म्हणजे दांडा आडवा आणि पूर्ण स्पष्ट येतो. समोरूनच हवं असेल तर टोकाच्या पाच लाल ठिपक्यांवर फोकस करा आणि कॅमेऱ्यात अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ ११ च्या आसपास ठेवा. कृष्णकमळ बरोबर वरून, कॅमेरा फुलाला समांतर धरून काढायचं. त्यातले पाच पांडव, म्हणजे पुंकेसर, आणि मधला कृष्ण स्पष्ट हवेत. कौरव, म्हणजे भोवतीचे बारीक तंतू, थोडे धूसर झाले तरी कुणाची तक्रार नसते. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं आत, बारीक आणि बहुधा पांढरी. फोकस त्यांच्यावर.

मोबाइल असेल तर फुलाला चिकटू नका. मुख्य लेन्स फार जवळचं नीट पकडत नाही, आणि बऱ्याच फोनमध्ये अशा वेळी आपोआप दुसरी, रुंद लेन्स सुरू होऊन फुलाचा आकार ताणल्यासारखा दिसतो. हातभर मागे सरा, दुप्पट झूम घ्या आणि हव्या त्या जागी बोट टेकवून फोकस करा. पोर्ट्रेट मोड मी फुलांसाठी वापरत नाही. तो बारीक पुंकेसर कापून टाकतो आणि पाकळीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात.

लाल आणि पांढरा, दोन्ही त्रासदायक

गडद लाल फूल फोटोत सपाट ठिगळ होऊन येतं, कारण लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन पोचते आणि आतले बारकावे हरवतात. फोनवर फोकस केल्यावर शेजारी दिसणारी सूर्याची खूण बोटाने खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

पांढऱ्याचं गणित जागेवर ठरतं. गर्द पानांत एकटा अनंत असेल तर कॅमेरा सगळं उजळ करतो आणि पाकळ्या जळतात, म्हणजे बारकावे जाऊन नुसत्या पांढऱ्या दिसतात. तिथे एक्स्पोजर कमी करायचं. तेच फूल चौकटभर घेतलं तर ते राखाडी दिसतं. तिथे वाढवायचं.

वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढला तरी हरकत नाही. फोनवर सलग फोटो काढून त्यातला एक निवडा. लांब देठाचं फूल फारच डुलत असेल तर मातीत काठी रोवून देठ तिला कपड्याच्या चिमट्याने हलकेच अडकवा, आणि चिमटा चौकटीबाहेर ठेवा. स्प्रेने दवाचे थेंब मारायची हौस अनेकांना असते. भर दुपारच्या फुलावरचं दव मला तरी खोटंच वाटतं.

ब्रह्मकमळाचं बोलावणं आलं तर

पावसाळ्यात कधीतरी रात्री फोन येतो, "आज उमलणार, या." आठ-नऊच्या सुमाराला कळी उघडायला लागते, मध्यरात्रीच्या आसपास ती पूर्ण फुललेली असते आणि सकाळी मान टाकते. शेजारपाजार जमलेला असतो, त्यामुळे जागा आधी धरा. फोन स्टुलावर टेकवून टायमर लावा, फ्लॅश बंद ठेवा. एकाला टॉर्च बाजूने धरायला सांगा आणि टॉर्चपुढे पांढरा कागद धरा. अंगणातला दिवा दोन मिनिटं बंद करता आला तर करा, नाहीतर दोन दिव्यांचे दोन रंग पाकळ्यांवर मिसळतात. हळद-कुंकू वाहण्याआधीचे फोटो आधी उरका. फोटोखाली माहिती लिहिताना एक लक्षात ठेवा: घरोघरचं हे फूल निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, एपिफायलम ऑक्सिपेटलम. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं.

नंतर

त्याच दिवशी निवडक आठ-दहा फोटो बागेच्या मालकांना पाठवा, सगळा ढीग नको. झाडाचं नाव आणि वाण त्यांच्याकडून विचारून घ्या, गुलाब आणि जास्वंदीत तर जातींची गर्दी असते. सगळ्यांसमोर टाकायचे असतील तर आधी परवानगी घ्या, फोटोतली लोकेशनची नोंद काढून टाका आणि फाटक, घराचं नाव, कंपाउंडची उंची दिसतील असे फोटो वगळा. बोन्साय आणि अडेनियमच्या कुंड्या चोरीला जातात, आणि पत्ता तुमच्या फोटोवरून कुणाला कळायला नको. एखादा फोटो छापून दिलात तर त्यात फुलाबरोबर ते लावणारे हातही येऊ द्या.